कुलपातली काच

कपाटातला काटा साठावर गेला त्या दिवशी युएताओने थोरल्या भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, "कुलूप आहे ना? मग झालं तर."

ती फोन हातात धरून तशीच उभी राहिली. कुलूप आहे म्हणे! कुलपाला ओल कळते का? पण हे बोलायच्या आत चिंगतांगने फोन ठेवलाही होता. स्वतःचं बोलून झालं की तो असाच ठेवायचा. ताओयुआनला त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं मोठं दुकान, हाताखाली माणसं, आणि त्या माणसांशी बोलायची तऱ्हा त्याने घरच्यांनाही लावलेली.

कपाट म्हणजे बाबांचं लेन्सांचं कपाट. काळं, काचेच्या दाराचं, कमरेएवढं, मागून विजेची वायर निघालेली. वीज चालू असली की ते आतली ओल ओढून बाहेर टाकतं, आणि दारातली गोल तबकडी आत किती दमट आहे ते दाखवते. कीलुंगमध्ये ज्याच्याकडे कॅमेरा त्याच्याकडे हे कपाट हवंच. इथे पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा राहतो. भिंतींना पाणी सुटतं, पलंगाखालच्या चपला हिरव्या होतात, आणि काचेवर तर बुरशी इतकी मजेत वाढते की तिला दुसरं काही खायला लागत नाही.

बाबांचा काटा चाळीस ते पंचेचाळीसच्या मधे असायचा. पन्नासकडे सरकला तर ते भाताचा वाडगा खाली ठेवून उठायचे. तिसाच्या खाली गेला तरी कटकट, कारण फार कोरडं झालं की आतलं वंगण सुकतं आणि रिंग फिरेनाशी होते. चामड्याची कव्हरं कपाटात ठेवायची नाहीत, चामड्यात बुरशीचं माहेर. महिन्यातून एकदा, उघडीप असेल त्या दिवशी, एकेक लेन्स बाहेर काढायची, रिंग दोन्ही बाजूंनी फिरवायची, मागून टॉर्च मारून आत बघायचं आणि परत ठेवायची. एका गिऱ्हाइकाने लेन्सवर तोंडाने वाफ सोडून ती शर्टाने पुसली, तर बाबांनी त्याला पैसे परत देऊन दुकानाबाहेर काढलं होतं. लग्न मोडून युएताओ परत आली तेव्हापासून ही सगळी कामं तीच करत होती, बाबांच्या शिव्या खात.

नव्या वर्षाचा सण झाला आणि बाबा गेले. सगळे विधी आटोपल्यावर चिंगतांग खाली बाबांच्या फोटो स्टुडिओत आला. कपाटापुढे बसून त्याने सगळ्या लेन्स मोजल्या, दार लावलं, कुलूप फिरवलं, किल्ली खिशात टाकली. मग दाराजवळच्या मेन स्विचपाशी गेला आणि तो खाली ओढला. स्टुडिओचा मीटर वरच्या घरापेक्षा वेगळा होता.

"बंद दुकानात वीज कशाला जाळायची? आणि वायरी जुन्या. आग लागली म्हणजे?"

"दादा, कपाटाला वीज लागते."

"कपाट बंद आहे."

"बंद आहे म्हणूनच लागते!"

पिशवीतून त्याने हिरव्या पुडीतला मक्याचा खाऊ काढला आणि कपाटावर नीट मधोमध ठेवला, पुडीचं तोंड समोर करून. ही पुडी ठेवली की यंत्र शहाण्यासारखं वागतं, कुरकुर करत नाही, अशी इथल्या लोकांची समजूत. बाबाही ठेवायचे. पण बाबांच्या कपाटात वीज असायची हो! यंत्राचा गळा दाबायचा आणि वर त्याला खाऊ देऊन सांगायचं, शहाण्यासारखं वाग. युएताओला तेव्हा हसू आलं होतं. नंतर ती पुडी दिसली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिला त्या कपाटातलं सगळं नको होतं. जर्मन लेन्स दादाने विकाव्यात, तायपेईतला कुणी शौकीन वाटच बघत बसलाय म्हणे, तर बसू दे. घर, दुकान, सगळं दादाच्या नावावर होणार हे तर धरलेलंच. मुलीने हक्क सोडल्याच्या कागदावर शिक्का मारून मोकळं व्हायचं असतं. तिला हवी होती एकच लेन्स. बाबांनी तरुणपणी बंदरावर एका जपानी खलाशाकडून घेतलेली, जड, कडेला पोचा आलेली. मंदिरामागच्या या सगळ्या गल्ल्यांत कुणी वारलं की उदबत्तीच्या मागे जो फोटो लागतो, तो बाबांनी याच लेन्सने काढलेला असतो. सत्तरी ओलांडली की म्हातारे नवे कपडे घालून आपणहून यायचे, खुर्चीत बसायचे, म्हणायचे, "यान मास्तर, जरा रुबाबदार काढा, बरीच वर्षं भिंतीवर राहायचंय."

सगळ्या गावाचे काढले आणि बायकोचा राहिला. आई दर वर्षी म्हणायची, बाबा दर वर्षी म्हणायचे, "तुला कसली घाई? तुझा काढला की तू जायला मोकळी होशील." आणि स्वतः निघून गेले. आता एक्क्याऐंशीव्या वर्षी आईचं एकच मागणं होतं. विधींची गर्दी ओसरून घर शांत झालं त्या दिवशी तिने युएताओला जवळ बसवलं आणि सांगितलं.

"माझा फोटो काढ. त्याच लेन्सने. अख्ख्या गावाकडे ज्या काचेतून बघितलं त्या माणसाने, तिच्यातून माझ्याकडे एकदा बघितलं नाही. आता तू बघ."

"काढते आई. वाटणी झाली की लगेच."

"आणि लवकर कर. मला दर महिन्याला नवीन जाकीट शिवायला परवडत नाही, अंग आटत चाललंय."

तिने खरंच जाकीट शिवून घेतलं होतं. जांभळं, गळ्याशी फुलपाखराची बारीक नक्षी.

म्हणून काटा साठावर गेला तेव्हा युएताओने फोन केला, आणि भाऊ म्हणाला कुलूप आहे ना. तिने मग वरच्या स्वयंपाकघरातून लांब वायर सोडली, जिन्यावरून खाली, स्टुडिओच्या दाराखालून कपाटापर्यंत. कुलपाला हात लावला नाही. आठवड्याभरात काटा पंचेचाळीसवर आला आणि ती जरा नीट झोपायला लागली.

बाबा गेल्याच्या शंभराव्या दिवशी सगळे नातेवाईक जमले. बाबांसाठी कागदी नोटा जाळून झाल्या, पानं मांडली गेली, आणि चिंगतांग जिन्यावरून खाली येताना नेमका त्या वायरीत अडखळला.

"ही कुठून आली?"

"वरून. कपाटाला लावलीय."

"मी बंद केलेलं कपाट तू चालू केलंस?"

"उघडलं नाही दादा. नुसती वीज दिली. काटा बघ ना, साठ होता तो..."

"काटा, काटा! आधी बाबा, आता तू. मागच्या गल्लीत गेल्या वर्षी वायरीनेच आग लागली ना? वर आई झोपते. तिला भाजून मारायचंय?" त्याने वाकून वायर ओढली. प्लग फरशीवर आपटत आला. वायर हाताला गुंडाळत तो जेवणाऱ्यांच्या समोर उभा राहिला. "आणि मी म्हणतो, एवढी धडपड कशासाठी? दुसऱ्याच्या कुलपातल्या वस्तूची एवढी काळजी कुणाला असते? ज्याला ती न्यायची असते त्याला."

जेवणाऱ्यांच्या हातातल्या काड्या थांबल्या. एका आत्याने सूप ओठांपाशी नेलं होतं, ते तिथेच राहिलं.

"म्हणजे मी चोर?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग कसं म्हटलंस? सांग ना सगळ्यांना, कसं म्हटलंस!"

मधल्या खुर्चीवर मामा बसले होते, आईचे धाकटे भाऊ, यीलानचे. वाटणीच्या बाबतीत मामा म्हणतील ते शेवटचं, त्यांच्याशिवाय कुणी तुकडा मोडायचा नाही. त्यांनी हात वर केला. "पोरी, सोड. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे, मी येतो, माझ्यासमोर कुलूप उघडेल. तोवर तू त्याला हात लावायचा नाहीस."

"मामा, ओल तुमच्यासाठी थांबायची नाही."

"मग तिला म्हणावं माझ्या गुडघ्यात ये, तिथे आधीच पुष्कळ आहे." लोक हसले. हसायला मिळालं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं, काड्या पुन्हा हलू लागल्या.

युएताओ हसली नाही. "ठीक आहे," ती म्हणाली. "माझं बोटही लागणार नाही आता. कुजलं तरी."

त्यानंतर लगेच पाऊस सुरू झाला, तो चांद्र वर्षाच्या पाचव्या महिन्याचा, बारीक, न थांबणारा. काटा सत्तरवर गेला. ती रोज सकाळी खाली जायची, अंधारात टॉर्च लावून तबकडी बघायची आणि वर येऊन भांडी आपटायची. फोन करायचा नाही असं ठरवलं होतं, तरी एकदा केला. चिंगतांग म्हणाला, "तुला दुसरा उद्योग नाही का?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने, आणि राग आला की आपल्याला रडू येतं याचा तिला आणखी राग आला.

कालव्याच्या पुलाखाली को उस्तादांचं लेन्सदुरुस्तीचं दुकान. बाबांचे जुने दोस्त, तोंडात कायम सुपारी, दात लाल. ती त्यांच्याकडे गेली ती काही मागायला नाही, नुसतं ओरडायला गेली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाजूच्या डब्यात थुंकले.

"विजेशिवाय ते कपाट म्हणजे कोबी आंबवायची बरणी झाली. उघड्या फळीवर ठेवल्या असत्या तरी परवडलं असतं, निदान हवा लागली असती. आत काय झालंय? नुसतं धुकं धरलंय की बुरशीचे दोरे सुटलेत?"

"दाराबाहेरून काय दिसणार?"

"धुकं असेल तर आण माझ्याकडे. खोलतो, पुसतो, नवी करून देतो. पण दोरे सुटले आणि त्यांनी काचेवरचा थर खाल्ला, तर मग पुसायला काही उरत नाही. बुरशी निघते, तिचा डाग काचेतच राहतो." त्यांनी खण ओढला आणि स्क्रूंच्या ढिगात बोट फिरवून एक चपटी किल्ली काढली. "घे."

"ही कसली?"

"माझ्या कपाटाची. तुमच्याही कपाटाची. त्या कपाटांना सगळ्यांना एकच किल्ली लागते, तुझ्या बाबांची हरवायची तेव्हा हीच न्यायचे. ते कुलूप काय चोरासाठी असतं? नातवंडांनी हात घालू नये म्हणून असतं. जा, काढ, आण, संध्याकाळी परत ठेव. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

"माझ्याच बापाची आहे ती लेन्स."

"मग तर झालंच."

"त्याला कळलं तर म्हणेल चोर."

"ते तर म्हणून झालंय ना?" को उस्ताद म्हणाले. "आता उरलं काय?"

किल्ली तिने पँटच्या खिशात टाकली.

त्या दिवशी दुपारी ती कपाटासमोर बसली. किल्ली हातात होती. आत, खालच्या कप्प्यात, पोचा आलेली ती लेन्स तिच्याकडे बघत होती. कुलपापर्यंत हात गेलाही, आणि मग तिच्या डोळ्यांपुढे वाटणीचा दिवस आला. लेन्स काढली, उस्तादांकडून पुसून आणली, गुपचूप परत ठेवली, तर त्या दिवशी दादा दार उघडणार, काच लख्ख निघणार, आणि तो सगळ्यांसमोर म्हणणार, बघा, कुलूप लावलं म्हणून सगळं शाबूत राहिलं. ही उगाच बोंबलत होती. तो हे म्हणणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. त्याचा आवाजसुद्धा तिला ऐकू आला. तिने हात मागे घेतला. काय करून ठेवलंय ते त्याच्या डोळ्यांनी बघू दे एकदा. सगळ्यांसमोर बघू दे. मग विचारते चोर कोण ते.

आणि ती वर गेली.

सहाव्या महिन्यात मामांचं ऑपरेशन झालं, गुडघा सुजला, येणं लांबलं. सातवा महिना लागला, तेव्हा तर विषयच संपला. त्या महिन्यात मेलेली माणसं गावात हिंडत असतात, घराघरांपुढे पानं मांडलेली, बंदरावर दिव्यांची घरं पाण्यात सोडायची गर्दी. असल्या महिन्यात कुणी वाटणी करत नाही. चिंगतांगने फोनवर तेच सांगितलं, आणि वर म्हणाला, "बाबासुद्धा आले असतील. येऊन बघतील ना त्यांचं कपाट."

"बघून तुझं कौतुक करतील," युएताओ म्हणाली, आणि या वेळी फोन तिने आधी ठेवला.

काटा पंच्याऐंशीवर जाऊन बसला होता. हलायचाही बंद झाला. एका सकाळी टॉर्चच्या उजेडात तिला त्या लेन्सच्या पुढच्या काचेवर, कडेला, एक पांढरा ठिपका दिसला. तिळाएवढा. तिने दाराची काच बाहेरून पुसली, वाटलं डाग बाहेरच असेल. ठिपका तिथेच होता. खिशात किल्ली होती. ती आता कुठेही गेली तरी किल्ली खिशात असायची, धुवायच्या कपड्यांतून आधी तीच काढून ठेवायची. ती दहा-पंधरा मिनिटं तिथे बसली. छातीत नुसतं धडधडत होतं, आणि त्या धडधडीत थोडा आनंदही होता. हो, आनंद. दिसेल आता त्याला. आता कसं म्हणेल शाबूत आहे.

दुपारी आई म्हणाली, "अगं, आज बरं वाटतंय. केस पण नीट बसलेत. आज काढायचा का?"

"दादा आल्यावर, आई."

"फोटोत दादाला बसवायचंय का मला?"

"किल्ली त्याच्याकडे आहे." हे बोलताना युएताओचा हात खिशावर होता. आईने जाकीट घडी घालून परत ठेवलं.

आठव्या महिन्यात, चंद्राच्या सणाच्या थोडं आधी, मामा काठी टेकत आले. चिंगतांगही आला, मोठ्या गाडीतून, मूनकेकच्या दोन पेट्या घेऊन. शिक्क्यांचे कागद टेबलावर होते, पण युएताओने मामांना सांगितलं, "आधी कपाट. माझा शिक्का नंतर." मामा म्हणाले ठीक, तसं ठरलंच होतं. सगळे खाली उतरले. आई वरच थांबली, कपडे बदलते म्हणाली.

स्टुडिओत ओल्या गोणपाटासारखा वास होता. चिंगतांगने नाकाला रुमाल लावला. कपाटावर हिरवी पुडी तशीच, जरा फुगलेली. त्याने पँटच्या एका खिशात हात घातला, मग दुसऱ्या, मग शर्टाच्या.

"थांबा हां. गाडीत असेल."

गाडीत नव्हती. त्याने बायकोला फोन केला. "दुसऱ्या पँटीत बघ. करड्या. अगं करड्या!" मग मामांकडे वळून हसला. "राहिली वाटतं घरी. काही हरकत नाही, पुढच्या आठवड्यात येतो, तेव्हा घेऊन येतो. नाहीतरी कुलपात आहे, कुठे जाणार आहे पळून?"

युएताओच्या डोक्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. पुढच्या आठवड्यात! सहा महिने पावसात काटा बघितला तिने, रोज, आणि हा करडी पँट शोधतोय. तिने खिशातून किल्ली काढली, भावाला खांद्याने बाजूला सारलं, गुडघ्यावर बसली आणि कुलपात किल्ली घालून फिरवली. दार उघडलं. आतून जो वास आला त्याने मामा दोन पावलं मागे गेले.

"ही किल्ली कुठून आणलीस?" चिंगतांग म्हणाला.

"को उस्तादांनी दिली. पाचव्या महिन्यात." ती उठून उभी राहिली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटत होता. "पाचव्या महिन्यापासून खिशात आहे माझ्या! मोज. मोज ना, मोजूनच गेला होतास. एक तरी हललीय का जागची? चोराच्या हातात किल्ली असताना एक तरी वस्तू हललीय का, सांग मामांना!"

तिने वाकून पोचा आलेली लेन्स उचलली, मागून टॉर्च मारला आणि ती भावाच्या तोंडासमोर धरली. तिळाएवढा ठिपका आता राहिला नव्हता. काचेच्या कडेपासून मध्यापर्यंत पांढरे, केसाहून बारीक दोरे पसरले होते, फाटे फुटलेले, एकमेकांत गुंतलेले, आणि त्यांच्या मागे सगळीकडे दुधट साय.

"बघ! हे केलंस तू. बघ नीट."

चिंगतांगने लेन्स हातात घेतली. तो खरंच घाबरला होता, हे तिला दिसलं. "पुसलं की जाईल," तो पुटपुटला, आणि तिने अडवायच्या आत तोंड मोठं करून काचेवर वाफ सोडली आणि शर्टाच्या टोकाने खसाखसा घासू लागला.

"अरे हात काढ! हात काढ तिच्यावरून!" युएताओ इतक्या जोराने किंचाळली की वरच्या मजल्यावर काहीतरी पडल्याचा आवाज आला. तिने लेन्स हिसकावून घेतली. "बाबांनी लोकांना हाकललं यासाठी, लोकांना! आणि तू त्यांचा मुलगा!"

"मला काय माहीत? मला कुणी शिकवलं? सगळं तुला शिकवलं त्यांनी!" आता तोही ओरडत होता. "मला वाटलं कुलूप लावलं की झालं!"

मामा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. ते चिंगतांगकडे बघत नव्हते.

"पाचव्या महिन्यात," ते हळूच म्हणाले. "तेव्हा कशी होती गं ही?"

"तेव्हा... धुकं असेल नुसतं. उस्ताद म्हणाले होते, धुकं असलं तर पुसून देतो..."

ती थांबली. मामांनी पुढे काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, तिला ओरडता आलं असतं. तुम्हीच म्हणालात हात लावू नकोस, हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण तिने हात लावला नव्हता तो मामांनी सांगितलं म्हणून नव्हे, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. किल्ली अजून कुलपात लटकत होती.

"तुझ्याकडे होती किल्ली," चिंगतांग म्हणाला. त्याला आत्ता कुठे उमगलं होतं. "इतके दिवस. आणि तू बघत बसलीस?"

तिने टॉर्च विझवला.

जिन्यावर पावलं वाजली. आई खाली येत होती, एका हाताने कठडा धरून, जांभळं जाकीट घालून. गळ्याशी जाकीट सैल झालं होतं. केस तेल लावून मागे बसवलेले, हातात जेडचं कांकण. ती शेवटच्या पायरीवर थांबली आणि तिने एकेकाकडे बघितलं, मग उघड्या कपाटाकडे, मग युएताओच्या हाताकडे.

"दे इकडे," ती म्हणाली.

युएताओने लेन्स दिली. आईने ती डोळ्यांजवळ नेली, दाराच्या उजेडाकडे धरून आरपार बघितलं. बराच वेळ बघितलं.

"वर सगळं ऐकू येतं," ती म्हणाली. "जुनं घर आहे. याने कुलूप लावलं तेही ऐकू आलं होतं, आणि तू रोज सकाळी खाली येऊन बसायचीस तेही. मी म्हटलं, पोरगी काहीतरी करतेय. काचेची काळजी घेतेय."

"आई..."

"तू गप. तूही गप, चिंगतांग." तिचा आवाज चढला नव्हता. "याला विकायच्या होत्या. तुला जिंकायचं होतं. आणि मी? मी जाकीट घालतेय, काढतेय. घालतेय, काढतेय. फोटो माझा होता. दोघांपैकी एकाला तरी आठवलं का, की फोटो माझा होता?"

तिने कपाटावरची हिरवी पुडी उचलली आणि मुलाच्या अंगावर फेकली. पुडी त्याच्या छातीला लागून फुटली, खाऊ फरशीभर झाला. मग ती खुर्चीकडे गेली, त्याच खुर्चीकडे, आणि पाठ सरळ करून बसली.

"लाव ती. काढ."

"आई, यातून काही धड येणार नाही. सगळं पांढरं येईल. मी दुसरी लावते, चांगली लेन्स भाड्याने..."

"मी दुसरी म्हटलं का? ही लाव."

"चांगलं येईल गं," चिंगतांग मधेच म्हणाला, अजिजीने. "जरा मऊ, स्वप्नातल्यासारखं. आजकाल लोक मुद्दाम..."

"तोंड बंद ठेव आणि दिवे लाव," आई म्हणाली.

तो मेन स्विचपाशी गेला आणि त्याने तो वर ढकलला. दिवे लागले. मग तो गुडघ्यावर बसला, कपाटामागून लोंबणारा प्लग शोधला आणि भिंतीत घातला. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उघड्या दारात काटा तसाच पंच्याऐंशीवर होता.

युएताओने वरच्या फ्रिजमधून फिल्म आणली. कॅमेरा तिपाईवर चढवला. लेन्स बसवताना तिच्या बोटांना तो पोचा लागला, ती जागा तिला पाठ होती. तिने काळा कपडा डोक्यावर घेतला आणि आत बघितलं.

काचेच्या पडद्यावर आई होती, पण जणू भाताच्या पेजेत बुडालेली. जाकिटाचा जांभळा रंग फिकट, फुलपाखराची नक्षी नाही, कांकण नाही. तिने रिंग फिरवली, पुढे, मागे, पुन्हा पुढे. सवयीने तिने पडद्याची काच बोटाने पुसली. तो डाग तिथे नव्हताच.

"दिसतेय का मी?"

"थोडी."

"हसू का?"

"नको."

"मी हसणारच नव्हते." आईने हात मांडीवर ठेवले आणि सरळ काचेकडे बघितलं. "नीट काढ. उद्या याच्यापुढे उदबत्ती तुम्हा दोघांनाच लावायचीय. रोज वर बघाल तेव्हा कळू दे."

युएताओने कपड्याबाहेर डोकं काढलं आणि फिल्म आत सरकवली. भाऊ दिव्यापाशी उभा होता, पायाखाली खाऊचा चुरा, मान खाली. तिने शटरची केबल हातात घेतली, आईच्या डोळ्यांत बघितलं आणि बटण दाबलं.